आखूडपायाची कैफियत

लिहून घे, कारकुना. शाई पातळ आहे, चालेल.
माझ्यातही आता दाट असं काही उरलं नाही.

नाव हैबतराव. वडिलांनी ठेवलं, वडिलांनीच मोडलं.
भर कचेरीत म्हणाले,
"रिकिबीपर्यंत पाय पुरत नाही याचा,
परगण्याला काय पुरणार?"
सगळे हसले. मी सर्वांत मोठ्याने हसलो.
तेव्हापासून आखूडपाया.

भाऊ दोन : सुभानजी, रायाजी.
बोरनदीकाठची हीच गढी. माडीवर त्यांच्या सोंगट्या चाललेल्या,
मी खाली घोडीला चंदी चारत उभा.
वरून पिकदाणी उपडी झाली.
पान, चुना, दोन दिवसांची थुंकी
माझ्या नव्या पागोट्यावर.
सुभानजी म्हणाला, "सर आली वाटतं."
तलवार उपसून मी निम्मा जिना चढलो.
वडील मध्ये आले
आणि मला म्हणाले, "पागोटं बदल."

एवढंच.
नाका, दोन आमराया, मळ्याची वाट, ही भांडणं कागदावर आहेत,
त्यांना शिक्के आहेत, साक्षी आहेत.
पिकदाणीला साक्षीदार नाही.
म्हणून तीच आधी लिही.

वडील गेले. गढी मला, रोकड सुभानजीला,
रायाजीला नुसता आशीर्वाद.
तो त्याने मोजून घेतला.

मग नागपूरकरांची फौज पूर्वेला निघाली.
म्हणाले, जगन्नाथाची वाट अडलीय, यात्रेकरू लुटले जातात.
मला देव आठवला, असं लिही.
नको, थांब, खरं लिही :
मला आधी वाटलं, इथून लांब.
दोनशे घोडा उभा करायचा तर गाठीला दमडी नव्हती.
गढी सुभानजीकडे गहाण टाकली, मुदत पाच वर्षं.
खतावर सही करताना त्याने मला मिठी मारली.
पाठीवरून हात फिरवत होता,
जनावर विकत घेताना फिरवतात तसा.

महानदीत घोडी गेली.
तिचं नाव चिमणी. तेही लिही, जागा असेल तर.
वाटेतली गावं ओस पडत गेली, आमच्या आधी एक कोस.
देवळाच्या रस्त्यावर शेवटी यात्रेकरू दिसले,
म्हातारी माणसं, डोक्यावर बोचकी.
ज्यांना वाचवायला आलो ते हेच.
आम्हाला पाहून ती शेतातून पळत सुटली.
एका बाईची चूल पेटती राहिली होती. भात करपत होता.
मी उतरून तो खाली उतरवला.
पाच वर्षांत धर्माचं म्हणून मी केलेलं काम एवढंच.

परत आलो तर सुभानजी शिकारीत गेलेला.
हाकेवाल्याचा बाण, म्हणे.
बाण कुणी मोजले नाहीत, किल्ल्या मात्र मोजल्या गेल्या
त्याच रात्री. रायाजी तेराव्याला थांबला नाही.
गहाणखत मागितलं तर म्हणाला, मेलेल्याला विचार.
आम्ही ओढ्याकाठी लढलो, ज्वारी निघालेल्या रानात.
धसकटं पायात घुसत होती. अर्ध्या प्रहरात आटपलं.

त्याला अठ्ठावीस मोह झाले.
या झरोक्यातून एकच झाड दिसतं,
मी वर्षं त्याच्या फुलांवर मोजतो.
पहाऱ्यावरचा लच्छू मडावी पहिल्या वर्षी बोलत नसे.
मग एकदा तहानेने ओरडलो तेव्हा म्हणाला, "येर म्हणा, येर."
म्हटलं. पाणी आलं.
आता मला स्वप्नं गोंडीत पडतात
आणि त्यांत माझे भाऊ येत नाहीत.
त्यांना ती भाषा येत नाही.

लच्छूलाही भाऊ आहे, धाकटा. वीस वर्षं अबोला.
"काऊन रे?" विचारलं.
बराच वेळ भिंतीकडे पाहत बसला. म्हणाला, "कोंबडा."

रायाजी दर दसऱ्याला पागोटं पाठवतो.
यंदाचं वापरलेलं होतं.
आत कडेला त्याच्या घामाचा डाग, पिवळा.
मी ते फेकणार होतो.
नाकाशी नेलं.
माडीचा, सोंगट्यांचा, आमच्या आईच्या तेलाचा वास.

हे खोडून टाक.
एवढंच ठेव : कैद्याने पाणी मागितलं.
आणि दिवा विझव, पहाट होतेय.
फुलं पडायला लागली बाहेर.
मोजायची आहेत.